पथ्य आणि पाप : धर्मानंद कोसंबींच्या ‘मांसाहार’ प्रकरणाचा पुनर्विचार

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या बारा प्रकरणांपैकी अकरावे प्रकरण ‘मांसाहार’ हे आहे. यज्ञयाग आणि जातिभेद या विषयांवरील प्रकरणांनंतर आणि बुद्धाच्या दिनचर्येच्या वर्णनापूर्वी ते येते. चरित्रग्रंथात आहारासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवण्याची ही योजना आज काहीशी चमत्कारिक वाटते. परंतु या ग्रंथाभोवती पुढे जो वाद उभा राहिला तो मुख्यत्वे याच प्रकरणाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखकाला विषयाचे महत्त्व आधीच जाणवले होते असे म्हणावे लागते.

या वादाची चर्चा आजवर दोन अंगांनी झाली आहे. बुद्धाने आणि महावीराने मांस खाल्ले की नाही, हे एक अंग. आणि तसे म्हणण्याने कोणाच्या भावना दुखावतात, हे दुसरे. प्रस्तुत लेखात तिसऱ्या अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ज्या उताऱ्यांवरून हा वाद पेटला त्यांतील सर्वांत कळीचे उतारे आजाऱ्याच्या अन्नाविषयीचे आहेत. त्यांत आहाराची नीती आणि आहाराचे आरोग्य हे दोन प्रश्न अद्याप वेगळे झालेले नाहीत. मराठीत ‘पथ्य’ हा शब्द या दोहोंना एकत्र धरून ठेवतो. वैद्य पथ्य सांगतो आणि रोगी ते पाळतो. पण सार्वजनिक जीवनात काही पथ्ये पाळावीत असेही आपण म्हणतो, तेव्हा तेथे पोटाचा संबंध नसतो. पाप आणि अपथ्य यांची सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न कोसंबींच्या सामग्रीत पानोपानी उपस्थित होतो. मात्र कोसंबी स्वतः त्यापाशी फारसे थांबत नाहीत.

प्रथम मूळ सामग्री पाहू. पालि महापरिनिब्बानसुत्तात पावा येथील चुंद लोहाराने दिलेल्या भोजनात ‘सूकरमद्दव’ हा पदार्थ होता आणि त्यानंतर बुद्धाला तीव्र आजार झाला, अशी कथा आहे. सूकर म्हणजे डुक्कर आणि मद्दव म्हणजे मार्दव; शब्दाची फोड सोपी, अर्थ मात्र निसटता. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत तीन अर्थ नोंदलेले आढळतात : फार कोवळ्याही नव्हे आणि फार जुन्याही नव्हे अशा डुकराचे मांस, गोरसयुक्त मऊ भात, आणि एक प्रकारचे रसायन. उदानाच्या अट्ठकथेत डुकरांनी तुडवलेल्या वेळूचे कोंब आणि भूछत्र हे आणखी दोन पर्याय येतात. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी आर्थर वेली या इंग्रज चिनी-विद्यापंडिताने याच शब्दावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, म्हणजे हा प्रश्न त्या काळी आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा झाला होता. कोसंबी अट्ठकथांतील हे पर्याय वाचकासमोर ठेवतात. परंतु त्यांतील ‘रसायन’ या पर्यायाचे महत्त्व त्यांनी ओळखले असे वाटत नाही. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या यतीला एखाद्या गृहस्थाने बलवर्धक औषधी पदार्थ करून वाढला असावा, ही कल्पना टीकाकारांना सुचली, हीच मुळी अर्थपूर्ण गोष्ट आहे. मांस असो वा नसो, तो पदार्थ पथ्य म्हणून कल्पिला गेला होता.

दुसरा उतारा अधिक स्फोटक ठरला. जैन आगमांतील भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर महावीर मेंढियगाम येथे पित्तज्वराने आजारी पडतात. शिष्य सीह शोकाकुल होतो. तेव्हा महावीर त्याला रेवती नावाच्या गृहस्थ स्त्रीकडे पाठवतात आणि आपल्यासाठी मुद्दाम तयार केलेली दोन ‘कवोयसरीर’ आणू नयेत, तर आदल्या दिवशीचे ‘मज्जारकड कुक्कुडमंस’ आणावे असे सांगतात. सरळ अर्थ घेतला तर पहिले कबुतरांची शरीरे आणि दुसरे मांजराने मारलेल्या कोंबड्याचे मांस. जैन परंपरेचा अर्थ निराळा आहे : कवोय म्हणजे कोहळा, कुक्कुड म्हणजे महाळुंग, आणि मज्जार हा वायुविकाराचा एक प्रकार, जो शमवण्यासाठी ते औषध केले होते. कोसंबींनी सरळ अर्थ स्वीकारला.

येथे जैन पक्षाची बाजू हास्यास्पद ठरवण्याचा मोह आधुनिक वाचकाला होतो. तो टाळला पाहिजे. वनस्पतींना प्राण्यांची नावे देणे ही या देशातील निघंटूंची जुनीच रीत आहे. अश्वगंधेत घोडा नसतो, गोखरूत गाय नसते, मेंढशिंगी आणि उंदीरकानी ही नावे तर आजही मराठीत रूढ आहेत. सुश्रुताने आंब्याच्या फळाचे वर्णन करताना मांस, अस्थी आणि मज्जा हेच शब्द वापरले आहेत. आचारांगसूत्रात भिक्षूला ‘बहुअट्ठिय’ मंस आणि पुष्कळ काट्यांचा मच्छ मिळाल्यास काय करावे याचा जो नियम आहे, त्याचे भाषांतर हेर्मान याकोबी यांनी १८८४ साली मांस व मासे असेच केले होते. जैन विद्वानांच्या आक्षेपांनंतर १९२८ साली त्यांनी पत्राद्वारे गर आणि बिया असा लाक्षणिक अर्थ मान्य केला. फणसाच्या बीला आपण ‘आठळी’ म्हणतो तो शब्दही अस्थी–अट्ठी याच घराण्यातला आहे. अस्थी हा शब्द फळाच्या बीसाठी वापरला जात होता, याला स्वयंपाकघरातील या शब्दाहून बळकट साक्ष कोणती हवी? त्या स्थळापुरता जैन अर्थ भाषाशास्त्राच्या कसोटीवर उभा राहू शकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भगवतीसूत्रातील स्थळ मात्र इतके सोपे नाही. तेथे एकाच वाक्यात तीन प्राणिवाचक शब्द येतात आणि तिन्हींना एकाच वेळी लाक्षणिक ठरवावे लागते. आणि ही अडचण कोसंबींनी निर्माण केलेली नाही. अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की काही जण येथे ऐकू येणारा सरळ अर्थच घेतात, तर इतर जण वनस्पतिपर अर्थ घेतात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी जैन परंपरेच्या आत दोन्ही वाचने शेजारी-शेजारी नांदत होती आणि टीकाकाराला त्यांतील एक लपवावेसे वाटले नव्हते. आचारांगावरील नवव्या शतकातील टीकाकार शीलांक तर आणखी पुढे जातो. मांसाचा उल्लेख मांस असाच धरून तो म्हणतो की चांगल्या वैद्याच्या सल्ल्याने त्वचाविकारासारख्या व्याधीत शेक देण्यासाठी, म्हणजे केवळ बाह्योपचारापुरता, त्याचा वापर समजावा. नियमाच्या संरक्षणासाठी टीकाकार वैद्याला साक्षीस बोलावतो, हे पाहण्यासारखे आहे. कोहळा आणि महाळुंग मानणाराही औषधाचाच अर्थ लावतो, आणि कोंबडा मानणाराही. रुग्णशय्येचा संदर्भ दोघांनाही सोडता येत नाही.

बौद्ध विनयात हा संदर्भ उघडच आहे. मांसविषयक बहुतेक नियम महावग्गाच्या ज्या भागात येतात त्याचे नावच भेसज्जक्खंधक, म्हणजे औषधांचा अध्याय, असे आहे. तेथे सुप्पिया नावाच्या वाराणसीच्या उपासिकेची कथा आहे. एका भिक्षूने रेचक घेतले होते आणि त्याला मांसरसाची गरज होती. त्या दिवशी नगरात पशुहत्येस बंदी असल्याने मांस कोठेच मिळेना. तेव्हा सुप्पियेने स्वतःच्या मांडीचे मांस कापून ते शिजवून पाठवले. त्यानंतर बुद्धाने मनुष्यमांस वर्ज्य केले, आणि पुढे हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ इत्यादींचेही. कथा भीषण आहे. तिच्यात अहिंसेचा सार्वजनिक नियम आणि आजाऱ्याची गरज समोरासमोर येतात, आणि मधल्या फटीत एक स्त्री स्वतःचे शरीर घालते. २०१५ साली पर्युषणकाळातील मांसविक्रीबंदीवरून मुंबईत जो वाद झाला, त्या वेळी ही कथा कोणाला आठवायला हवी होती. हत्याबंदीचा दिवस ही काही अर्वाचीन महापालिकांची कल्पना नव्हे.

बुद्धाचा सर्वसाधारण नियम प्रसिद्धच आहे : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एरवी भिक्षेत पडेल ते घ्यावे. देवदत्ताने भिक्षूंसाठी मत्स्यमांस सर्वस्वी वर्ज्य करावे अशी मागणी केली ती बुद्धाने नाकारली. सुत्तनिपातातील आमगंधसुत्तात तर अपवित्रतेचा दर्प मांसाला येत नसून दुराचाराला येतो असे प्रतिपादन आहे. कोसंबींनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतरही केले होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

या साऱ्यातून कोसंबींचा निष्कर्ष ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. यज्ञातील पशुवध हा त्या काळातील हिंसेचा मुख्य प्रश्न होता. श्रमणपंथांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. स्वतःच्या ताटातील प्रत्येक घास शोधून काढणे ही नंतरची पायरी होती. पूर्वसूरींनी मांस खाल्ले म्हणून त्यांचे महत्त्व कमी होत नाही, आणि त्यांनी खाल्ले म्हणून आज खावे असेही होत नाही. बुद्धाला डुकराचे मांस खाणारा म्हणून हिणवणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी समकालीन इतर पंथांची, ब्राह्मणांचीही, उदाहरणे पुढे केली. याच सुमारास, १९४१ साली, पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या बृहद्ग्रंथाचा दुसरा खंड प्रसिद्ध झाला, आणि त्यातही मधुपर्क, श्राद्ध व यज्ञ यांतील मांसाच्या वचनांचा साधार परामर्श घेतलेला आहे. काण्यांविरुद्ध तेवढे वादळ उठले नाही. धर्मशास्त्र इंग्रजीत वाचणारा वर्ग वेगळा होता आणि मराठीत बुद्धचरित्र वाचणारा वेगळा, हे त्याचे एक कारण असावे.

कोसंबी गोव्यातील सांखवाळचे, गौड सारस्वत ब्राह्मण घराण्यातले. या समाजात मासळी हा नित्याचा आहार आहे आणि ‘शिवराक’ हा काही वारांचा, सणांचा, श्रावणाचा नेम आहे. मांस-मासळी न खाणे ही तेथे व्यक्तीची ओळख नसून दिनदर्शिकेतील एक खूण आहे. अशा समाजातून आलेल्या आणि पुढे श्रीलंकेत, ब्रह्मदेशात भिक्षूंच्या पात्रात पडणारे अन्न पाहिलेल्या विद्वानाला आहारविषयक वचने थंडपणे वाचता यावीत, यात नवल नाही. परंतु ज्यांच्यासाठी निरामिष आहार ही समग्र धर्माची कवचकुंडले आहेत, त्यांना तोच थंडपणा क्रूर वाटला असल्यास तेही समजण्यासारखे आहे.

मराठीत हा मजकूर असेपर्यंत वादाची व्याप्ती मर्यादित राहिली. १९५४ साली दिल्लीत साहित्य अकादमीची स्थापना झाली. १९५६ हे बुद्धाच्या अडीच हजाराव्या परिनिर्वाणाचे वर्ष होते. त्या सुमारास अकादमीने भारतीय भाषांतील भाषांतरांसाठी ‘भगवान बुद्ध’ची निवड केली, आणि श्रीपाद जोशी यांचे हिंदी भाषांतर १९५६ मध्ये निघाले. ग्रंथ राष्ट्रीय झाला तसा त्यावरील निषेधही राष्ट्रीय झाला. जैन समाजातून तीव्र आक्षेप आले आणि शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने अशी विधाने प्रसिद्ध करावीत काय, असे प्रश्नाचे स्वरूप झाले. तौलनिक अभ्यासकाला येथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भाषांतरात शब्द बदलले नव्हते. बदलला तो वाचकसमुदाय. नागपूर-पुण्याच्या सुशिक्षित वाचकासमोर मांडलेला एक विद्वत्तर्क हिंदीत गेल्याबरोबर राजस्थान-गुजरातच्या श्रावकसमाजासमोर शासनाची मुद्रा घेऊन उभा राहिला. पंडित सुखलाल संघवी यांच्यासारख्या जैन विद्वानाने ‘निर्ग्रंथ संप्रदाय’ या आपल्या लेखनात सामिष-निरामिष आहाराचा प्रश्न ऐतिहासिक दृष्टीने हाताळला होता. अर्थ बदलत गेले यातच अहिंसेच्या विचाराची वाढ दिसते, अशी ती दृष्टी. ती कोसंबींच्या दृष्टीपासून फार दूर नव्हती. दुर्दैवाने निषेधाच्या गदारोळात तिचा उपयोग झाला नाही.

दिल्लीच्या वाचकसमुदायाविषयी एक अवांतर निरीक्षण. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आय.एन.ए. बाजाराच्या कुशीत आहे. या बाजारात मासळी आणि मांस यांची दुकाने नावाजलेली आहेत. अशा वसाहतीत एकाच जिन्यावर मासे शिजवणारा मैथिल किंवा बंगाली ब्राह्मण, मटण शिजवणारा काश्मिरी पंडित, कांदा-लसूणही वर्ज्य मानणारा जैन आणि श्रावणापुरता शिवराक पाळणारा गोमंतकीय एकत्र येऊ शकतात. ब्राह्मण म्हणजे निरामिषाहारी हे समीकरण पुण्यात बसून जितके स्वयंसिद्ध वाटते तितके या जिन्यावर वाटत नाही. अकादमीची भाषांतरे ज्या ‘भारतीय वाचका’साठी निघत होती तो एकजिनसी नव्हता, हे कळण्यासाठी ग्रंथालयापेक्षा असा जिना अधिक उपयोगी पडावा.

याच दिल्लीत याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच प्रश्नाला वेगळ्या टोकाने भिडत होते. त्यांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली नवी दिल्लीतून प्रसिद्ध झाला. ब्राह्मणांनी गोमांसाचा त्याग केला तो बौद्धांवर मात करण्यासाठी, आणि मृत गाईचे मांस खात राहिलेल्या विस्थापित गटांवर अस्पृश्यता लादली गेली, असा त्यांचा सिद्धांत आहे. इतिहास म्हणून त्यावर मतभेद आहेत. पण त्याने प्रश्नाची जागा बदलली. कोसंबींपुढे प्रश्न होता महापुरुषाने काय खाल्ले हा. आंबेडकरांपुढे प्रश्न होता खाण्यावरून माणसाला कोणी, का वाळीत टाकले हा. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, ते अहिंसेसाठी नव्हे, तर स्वाभिमानासाठी. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आणि बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले. विनयातील भेसज्जक्खंधकाशी हा भेद चांगला जुळतो. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने दलित स्वयंपाकघराची जी नोंद मराठीत आणली, तिचा उगम शोधताना याच परंपरेकडे जावे लागते.

आता दुधाकडे वळले पाहिजे, कारण कोसंबींच्या वादात दोन्ही पक्षांनी ते निरपराध मानले. बुद्धघोषाचा गोरसयुक्त भात हा सूकरमद्दवाचा ‘शाकाहारी’ पर्याय ठरतो तो याच गृहीतावर. गांधींनी हे गृहीत तपासले. गाई-म्हशींचे दूध निपटून काढण्याच्या क्रूर रीतीमुळे त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या काळात, १९१८ मध्ये, ते गंभीर आजारी पडले; डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला; कस्तुरबांनी, व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे आहे, शेळीच्या नव्हे, असे सुचवले आणि त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रताचा शब्द राखला, आत्मा गमावला, अशी टोचणी त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. महावीर–रेवतीच्या कथेशी हे साम्य थक्क करणारे आहे : आजारी तपस्वी, समजूतदार गृहिणी, आणि एका शब्दाच्या अर्थावर तोललेले पथ्य.

ब्रिटनमध्ये दुधासह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांनी १९४४ साली ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला प्रतिशब्द रुजला नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी दूध-तूप खाणाऱ्यांनी आधीच अडवून ठेवली आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी व्हीगन खाद्यपदार्थांसाठी हिरव्या ठिपक्याहून निराळे चिन्ह ठरवले, म्हणजे कायद्याला जे सुचले ते भाषेला अजून सुचावयाचे आहे. आरोग्याच्या बाजूने आजचे ज्ञान दोन्ही पक्षांना पुरते समाधान देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक आणि तांबडे मांस संभाव्य कर्करोगकारक गटात घातले. उलट बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, आणि संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने ते वेगळे घ्यावे लागते. ते घेतले आणि आहार नीट योजला तर तो आहार पुरेसा ठरू शकतो. नैतिक निर्णयासाठी पुन्हा वैद्याचा दाखला लागतोच. शीलांकाला तो लागला होता, तसाच.

कोसंबींच्या अखेरच्या वर्षांकडे या संदर्भात क्वचितच पाहिले जाते. व्याधींनी जर्जर झाल्यावर आणि हातून आता काही कार्य होणार नाही असे वाटल्यावर त्यांनी १९४६ मध्ये अन्नत्यागास आरंभ केला. गांधींच्या आग्रहावरून तो थांबवला. पुढे सेवाग्राम येथे त्यांनी पुन्हा उपवास आरंभला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. गांधींनी दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांना अखेरीस विशेष आदर वाटू लागला होता, आणि शरीर निरुपयोगी झाल्यावर आहार सोडून मरण स्वीकारण्याची ही रीत त्यांनी त्या श्रमणपरंपरेतूनच घेतली होती. ज्यांच्यावर जैन तीर्थंकराचा अवमान केल्याचा आरोप पुढील दशकात व्हावयाचा होता, त्यांनी स्वतःच्या आजारात कोहळाही मागितला नाही आणि कोंबडाही नाही. त्यांचे ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक १९४९ साली, मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ‘मांसाहार’ प्रकरणावर आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती ते १९५६ मध्ये उपलब्ध होते.